बारा ग्रॅम

बांबोळीला असताना तन्वेशचं वजन
एका रात्रीत बारा ग्रॅमनं वाढलं,
तर ह्यांनी अख्ख्या वॉर्डला पेढे वाटले.
नर्स हसली, अहो, अजून किलोसुद्धा भरला नाही.

आता नववी. गणितात ऐंशीपैकी बारा.
खाली डिचोलीच्या रस्त्यावर पोदेराचा भोंपू वाजतो,
पाव घ्यायला कुणी उठत नाही.

बाई म्हणतात, हुशार आहे हो, लक्षच नसतं.
ह्याचं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला,
तास संपतो तेव्हा त्रिकोणाला दोनच बाजू.
सातव्यात जन्मला, हे मी सांगितलं नाही.
चौदा वर्षांनी तेच काय पुढे करायचं?

रात्री वही उघडली.
एकच गणित, खोडून खोडून
पानाला भोक पडलेलं, वाटोळं.
मी त्यातून बोट घातलं.

काचेच्या पेटीलाही असंच वाटोळं दार होतं.
कोपरापर्यंत हात धुऊन
एक बोट आत न्यायचं
आणि थांबायचं. कधी कधी खूप वेळ.
मग तो धरायचा.

"आई, पान फाटेल,"
मागून तन्वेश म्हणाला.