सातव्या होलवर

उजाडताच वाळवंट आपले काटे मोजून घेतं.
मी खाली उतरलो तेव्हा फवारे नुकते थांबले होते.
बुटांखाली ओल,
आणि बुटांपुढे चार हातांवर
कधीच कुणी न शिंपलेली कोरड.

निकानोर माझी पिशवी खांद्याला लावतो.
माझं स्पॅनिश अर्धं, त्याचं इंग्रजी पाव,
बेरीज करून भागवतो आम्ही.
वय विचारलं तर म्हणाला, "या कार्दोनपेक्षा लहान."
कार्दोन म्हणजे ते तीन मजली निवडुंग,
पोलिसांनी हटकल्यासारखे हात वर करून उभे.

पहिल्या फटक्यात चेंडूपेक्षा मातीचं ढेकूळ लांब गेलं.
त्याने ते उचलून आणलं, जागेवर बसवलं,
टाचेने दाबलं, आणि काही बोलला नाही.
त्याच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम
हेच असणार.

तिसऱ्यावर चेंडू चोयाच्या जाळीत.
"हात घालू का?"
"घाला की. दवाखाना पाचव्या होलनंतर डावीकडे."

चौथ्यावर डोमकावळ्याने चेंडू पळवला, अंडं समजून.
निकानोर सांगतो, गेल्या साली एक कावळी
अशाच एका चेंडूवर उबवायला बसली होती,
तीन आठवडे.
कुणी जाऊन सांगायचं तिला?

मग मीच विचारलं,
एवढं पाणी आणता कुठून?
त्याने हनुवटीने टेकडीवरचं हॉटेल दाखवलं.
"तुमचंच."
सकाळी शॉवरखाली मी उगाच उभा होतो वीस मिनिटं,
सुट्टी आहे म्हणून.
ते पाणी साबण, केस, घाम गाळून
परवा-तेरवा इथे पोचेल.
म्हणजे मी कुणाच्या तरी सोमवारच्या आंघोळीवर चालत होतो.
त्याच्या वस्तीत टँकर आठ दिवसांनी येतो.
हे त्याने सांगितलं अगदी त्याच आवाजात,
ज्या आवाजात कुठली काठी घ्यायची ते सांगतो,
आणि पुढे केली सात नंबरची.

सातवा होल असा:
या कड्यावर आपण, त्या कड्यावर झेंडा,
मधे समुद्र, आत घुसलेला, हिरवा, मग एकदम निळा,
आणि आपल्या पायांच्या खाली उडणारे पेलिकन.
पक्ष्यांच्या पाठी बघायची सवय नसते आपल्याला.
"पाण्याकडे बघू नका," निकानोर म्हणाला.
मी पाण्याकडे बघितलं.
चेंडू बराच वेळ छान गेला.
पडल्याचा आवाजसुद्धा वरपर्यंत आला नाही.

त्याने दुसरा चेंडू काढला नाही.
घड्याळ बघितलं. "ओहोटी चार वाजता."

चार वाजता रस्त्याच्या वळणावर, मिठाने पांढऱ्या झालेल्या दगडावर
एउसेबियो बसलेला, बारा-तेरा वर्षांचा,
गळ्यात पाणचष्मा, नाक थेट निकानोरचं.
अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडून ठेवलेले चेंडू,
वीस पेसोवाले, दहावाले,
आणि ज्यांच्यावर कुणाकुणाची आद्याक्षरं आहेत ते पाचवाले.
माझ्यावर तीन निळे ठिपके, मी खुणेने सांगितलं.
पोराने एकेक चेंडू फिरवून बघितला,
घाई न करता, दोन्ही ट्रे.
नव्हता.

मग बादलीच्या तळातून एक काढून दिला.
खूप दिवस खाली राहिलेला असावा,
एका अंगाला बारीक शिंपलं घट्ट धरून बसलेलं.
"हा फुकट. सरळ जात नाही."
माझे कुठे जातात, म्हणालो मी,
पण ते मराठीत.

त्या रात्री आंघोळ पाच मिनिटांत उरकली.
निकानोरला त्याचा उपयोग काय, कोण जाणे.
हिरवळीला तेवढं पाणी कमीच पडणार.
टॉवेल गुंडाळून फरशीवर बसलो,
चेंडू सोडून बघितला.
तो वीतभर नीट गेला,
शिंपल्यावर अडला,
आणि वळून मोरीकडे निघाला.