दोनशे बारांत एक

समुपदेशन करणाऱ्या बाई अमदावादहून फक्त बुधवारी येतात.
आज शुक्रवार.
तोवर ह्याला विचारा, म्हणाल्या डॉक्टर बीजलबेन,
आणि फोनवर उगवला एक हसरा हिरवा ठिपका.
मुलगा की मुलगी तेवढं सोडून
(त्याची पाटी भिंतीवर आहेच, गुजरातीत, लाल)
बाकी काहीही विचारा.

रावपुऱ्यातून घरी येईपर्यंत मी काहीच विचारलं नाही.

रात्री अगाशीत, वाळत घातलेल्या चादरींच्या आड,
भाषा मराठी निवडली.
लिहिलं: तेरावा आठवडा चालू आहे,
रिपोर्टमध्ये एकास दोनशे बारा आलंय, एटले काय?
तो म्हणाला: आपली चिंता स्वाभाविक आहे.
आमच्या दांडिया बाजारात असं कुणी बोलत नाही,
पुण्याची आत्या आली तरच.

पण समजावतो बरा.
म्हणाला, तुमच्यासारख्या दोनशे बारा जणी
एका मैदानात आहेत असं समजा.
बडोद्याच्या मुलीला मैदान म्हटलं की नवरात्रच दिसणार:
घामेजलेल्या पाठी, गोल, त्यात आणखी गोल,
मधोमध भोकाभोकांचा मातीचा गरबा, आत दिवा.
दोनशे अकरा टाळ्या एकदम पडतात.
एक मागून येते.

वेणूताईची टाळी कायम मागून येते.
नवऱ्याची बहीण, एक्केचाळीस वर्षांची. हेही लिहिलं.
त्यांच्याबद्दल सांगायला आवडेल का, म्हणाला.
काय सांगू.
थायरॉइडची गोळी जिभेखाली लपवते.
चिडली की चावते, माझ्या मनगटावर व्रण आहे.
आमच्या सप्तपदीत मागून सात पावलं चालली,
आठवंही.
एकदा सुरसागरच्या पाळीवर उभी असताना
नवी सँडल पाण्यात टाकली तिने, एकच;
घरात हसत सांगतात सगळे.
सासूबाई चाळीस वर्षांत कुठे रात्रीच्या राहिल्या नाहीत.

तुम्ही माझ्या जागी असता तर?
तीन टिंबं बराच वेळ हलत राहिली.
मी कुणाच्या जागी असू शकत नाही, म्हणाला,
पण कळून घेणं वेगळं आणि कळल्यावर काही करणं वेगळं.
पहिल्याला हो म्हटलं
म्हणजे दुसऱ्याला म्हटलं, असं नाही.
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.
हर्षल म्हणतो, तू म्हणशील ते, आणि कूस बदलतो.

रक्त माझ्याच दंडातलं घेणार.
बाळाचे कण त्यात तरंगत असतात म्हणे.
म्हणजे घट न फोडता,
भोकांतून सांडणाऱ्या उजेडावरून
आतली वात ओळखायची, असं मी लिहिलं.
सुंदर उपमा आहे, म्हणाला.
मला राग आला.

शेवटी म्हणाला, ज्यांनी हे जगून पाहिलंय
अशा कुणाशी बोलता येईल का?
मी जिना उतरले.

सासूबाई वेणूताईची नखं कापत होत्या.
रात्री कापू नयेत, हे त्याच सांगतात,
पण ही फक्त झोपेत कापू देते.
मी विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.
नेलकटर थांबला नाही.
"मला कुणी विचारलं नव्हतं.
विचारलं असतं तर काय म्हटलं असतं,
ते हिच्यासमोर नाही बोलणार."
"झोपलीय ती."
"झोपली तरी."
करंगळी राहिली होती, ती कापली.
"तुला विचारतायत ना? मग तुझं उत्तर दे.
माझं नको देऊस. आणि वर कुणाशी बोलत होतीस एवढा वेळ?"

मी फोन दिला.
चष्मा लावून वाचलं त्यांनी सगळं,
बोटाने हळूहळू सरकवत.
आठव्या पावलाला हसल्या.
मग बोट थांबलं.

"सँडल हिने नव्हती टाकली," म्हणाल्या.
"मी टाकली होती.
आधी एवढंच टाकून बघितलं."

वेणूताईने कूस बदलली, मूठ मिटली.
ठिपका लुकलुकत होता:
आपल्याला आणखी काही विचारायचं आहे का?

"त्याला सांग, बुधवारी," म्हणाल्या,
आणि ओंजळीत नखं गोळा करू लागल्या,
चादरीवरून, एकेक, दिवा न लावता.