संदर्भ हवा

कुताइसीतला तो हिवाळा मोजायचा तर खुर्च्यांनी मोजावा.
आधी तीन खुर्च्या गेल्या, मग पलंगाची फळी,
मग वडिलांचे जुने बूट.
रबराचा वास पडद्यांतून निघेना.
वीज यायची महिन्यातून दोनदा,
रात्री दोनला, चोरासारखी.

मग पाळी आली ज्ञानकोशाची.
अकरा खंड, निळ्या पाठीचे.
आईने वीस वर्षं भूगोल शिकवला होता;
ती एकेक खंड कलिंगडासारखा तळहातावर तोलायची.
"हा जाऊ दे," म्हणायची, "ह्यात आपलं कुणी नाही."

नुगझार अकराचा, मी चौदाची.
पत्र्याच्या शेगडीवर माझा पहारा.
त्याची अट एकच:
वाचल्याशिवाय पान द्यायचं नाही.
तो वाचायचा, फाडायचा, माझ्या हातात द्यायचा.
गुळगुळीत कागद, धड पेटायचा नाही.
अंटार्क्टिकानं ऊब दिली सगळ्यात कमी.
मधमाशीच्या चार पानांवर घेवडा शिजला.
ज्ञानाचा प्रकाश म्हणतात ना,
आम्ही त्यावर हात शेकलेत.

पुढचं सगळं लोक सांगतात त्याहून साधं आहे.
रुस्तावीच्या बाजारात जपानहून मोडक्या गाड्या यायच्या.
त्यांचे आरसे, दिवे, दारं
नुगझारने फोटो काढून इंटरनेटवर विकायला ठेवली.
बेकरीच्या माथ्यावर एक खोली.
सर्व्हर तापायचा म्हणून जानेवारीत खिडकी उघडी,
तो आणि माल्विना कोट घालून टाइप करायचे.
थंडी पहिल्यांदाच कामाला आली.

पैसा आला. आईला हीटर, मला दातांचा डॉक्टर.
आणि एका शरदात सगळं विकून
त्याने कोश मांडला:
कुणीही लिहावं, कुणीही वाचावं, दमडी न मोजता.
"दिल्याने वाढतं ते," म्हणाला.
"ते कळलं," मी म्हटलं, "पण ताटात काय वाढशील?"

व्हिएन्नाहून एक गृहस्थ आले, चकचकीत बुटांचे.
पानाच्या कडेला एवढीशी जाहिरात, म्हणाले,
लक्षातही येणार नाही कुणाच्या.
नुगझारने त्यांना खाचापुरी खाऊ घातली,
स्टेशनवर नेऊन सोडलं,
आणि गाडी हलताना नाही म्हटलं.
तेव्हा चार महिन्यांचे पगार थकले होते.

माल्विना त्याच वर्षी गेली.
पहिली नोंद तिने लिहिली होती, रिओनी नदीवरची.
मुलाखतींत हा 'मी' म्हणायचा. नेहमी नाही.
पण म्हणायचा.

स्वानेतीतला एक गुरांचा डॉक्टर
रात्र रात्र जागून गवतांची नावं भरत राहिला.
तेलावीचे दोन निवृत्त मास्तर
एका घंटेच्या सालावरून सहा वर्षं भांडले.
एक गेला, तेव्हा दुसरा अंत्ययात्रेला आला
खिशात झेरॉक्सची घडी घेऊन.
"साल त्याचंच बरोबर होतं," एवढंच बोलला,
आणि घडी शवपेटीत ठेवली.

आता नुगझारवरही एक पान आहे.
जन्मसाल एका वर्षाने चुकलेलं.
तो हात लावत नाही;
स्वतःबद्दल स्वतः लिहायचं नाही, नियम त्याचाच.
मी दुरुस्त केलं. खाली एक ओळ घातली:
लहानपणी घरचा ज्ञानकोश जाळून
हे कुटुंब एक हिवाळा तगलं.

सकाळी ओळ नव्हती.
कुणा अनोळखी पोराने नम्रपणे लिहिलं होतं:
संदर्भ हवा.

फोनवर सांगितलं तर नुगझार पोट धरून हसला.
मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.
"बरोबर केलं त्याने," म्हणाला.

संदर्भ आहे तसा. आईच्या कपाटात, चादरींखाली,
शेवटच्या अक्षराचा खंड.
त्या साली मार्च लवकर उबदार झाला.
अकरापैकी तेवढा एकच वाचला,
आणि तेवढा एकच
कुणी वाचला नाही.