उरलेल्या पत्रिकांची वही

लग्नासाठी आमच्याकडे शब्द तयार असतात.
मुंजीसाठी, वास्तूसाठी, तेरवीसाठीसुद्धा.
नमुना क्रमांक सांगा, नाव बदलून देतो.
इतवारीत लांजेवारांच्या दुकानात
तेवीस वर्षं मी हेच करते आहे,
पण 'बरी हो'चा नमुना
एकाही अल्बममध्ये नाही.

मंगळवारी द्वारकाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.
गाठ साधीच निघाली.
डॉक्टर म्हणाले, महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही,
कुजबुजायचंही नाही.
संत्रा मार्केटात पहाटे चारला
जिच्या हाकेनं ट्रकमधले ड्रायव्हर उठून बसायचे
तिला म्हणे, एक अक्षर नाही.

काल दुकान बंद करताना
रद्दीतल्या पत्रिका पिशवीत घातल्या.
एकीत 'चि. सौ. कां.' ऐवजी नुसतंच 'सौ.' पडलं होतं,
एकीचा मुहूर्त पुढे गेला,
आणि एक लग्न मोडलंच.
त्याच्या दोनशे. काय कागद होता!
हस्तिदंती, जाड, कडेनं सोनेरी वेल.
नावांवर मी पांढरा कागद चिकटवला.
खळ पातळ झाली थोडी,
उजेडात धरलं की नवरदेव अजून दिसतो.

घडी दाबायला बाबांचा धोटा काढला.
माग विकला तेव्हा तेवढाच मागे ठेवला होता आईनं.
त्याची लाकडी पाठ कागदावरून फिरते
तशी दुसऱ्या कशाची फिरत नाही.
दाभणानं तीन भोकं,
आणि करवतकाठी लुगड्यातून उसवलेला लाल दोरा,
दोनदा तुटला.

पहिल्या पानावर गणपती आधीच होता, राहू दिला.
दुसऱ्यावर राघू काढला.
लेक म्हणाली, आई, कोंबडी छान आहे.
तिसऱ्यावर संत्र्याची साल, वाळवून दाबलेली,
नाकाशी धरली तर वास येतो, थोडाच.
चौथ्या पानावर अडले.
'आमचे येथे श्रीकृपेकरून'
एवढं हात आपोआप लिहून गेला
आणि पुढे पेनाला काही सुचेना.
'लवकर बरी हो' हे तर
उठून निघालेल्या पाहुण्याला
चहा घेता का, म्हणण्यासारखं.

रात्री साडेअकराला वाटलं,
मी कायले बोलू? शब्द तिलाच देते.
बोट ठेवलं की झालं.
पाणी.
उशी.
पंखा कमी.
या पाहुण्याला आता जाऊ द्या.
भाजीत सांबार टाकलाच नाही कुणी.
तू थांब.
हे शेवटचं लिहून मी दोनदा खोडलं,
म्हणून त्या पानाला जरा भोक आहे.
बाकीची आठ पानं कोरी ठेवली.

मेडिकलच्या वॉर्डात तिनं वही उलटसुलट पाहिली,
व्यापारी पाहतो तशी,
खालची कड अंगठ्यानं तपासत.
कोंबडीवर बोट ठेवून हसली,
आवाज न करता, टाके धरून,
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.
मग मी दिलेला पेन तिनं बाजूला सारला,
चादर ओढून माझ्या हातावर घातली
आणि चादरीखाली माझी बोटं पकडली.

जुने अडते रुमालाखाली असाच भाव ठरवायचे.
तिच्या सासऱ्यानं शिकवलं होतं तिला,
मुलगे असताना, सुनेला.
दोन बोटं दाबली. मग सगळी मूठ.
मग पुन्हा दोन, जोरात.

द्वारके, मले नाही येत वं तुझा हिशोब.
तिनं पुन्हा दाबली, हळूहळू,
लहान पोराला पाढे म्हणायला लावावं तसं.

घरी येताना बसमध्ये
मी माझीच बोटं दाबून पाहत होते.
वहीचा भाव लावला की माझा, कोण जाणे.
महिना सरला की तीच सांगेल,
साऱ्या मार्केटाला ऐकू जाईल अशी.
तोवर ही दोन बोटं ठणकताहेत.
बाईचा हात आहे की सांडशी.