एकाच तारेची दोन टोकं

ओतियानं चार्जर टेबलावर ठेवला,
आजारी कोंबडी ठेवावी तसा,
अलगद, आणि जरा अंतर राखून.
"रात्रभर बॅटरी लावून ठेवतो, नातेला,
सकाळी कुंपणाला हात लावला तर
मुंगी चावल्याइतकंही काही होत नाही.
मला होत नाही, तर अस्वलाला काय होणार?"
परवा त्याच्या दोन पेट्या गेल्या,
पोळ्यांसकट, राणीसकट.
एक तर रिओनीच्या काठापर्यंत ओढत नेलेली.

मी झाकण उघडलं.
धूळ. एक वाळलेली मधमाशी.
आणि ट्रान्सफॉर्मरवर पेन्सिलीनं लिहिलेली तारीख
माझ्याच अक्षरात.
शाळेची प्रयोगशाळा बंद झाली, त्या हिवाळ्यात
मीच जोडला होता हा.
किती घाईत होते मी!
सोल्डरचे डाग बोराएवढे,
एक तर राखाडी, कळाहीन.
वर्गातल्या पोरानं असं काम दाखवलं असतं
तर घरी पाठवलं नसतं मी त्याला.

मीटर लावला. तेरा पॉइंट आठ.
इतकं नेमकं, की संशयच यावा.

मग मी तेच केलं जे सगळे करतात.
फुगीर वाटला म्हणून कपॅसिटर बदलला,
म्हातारा म्हणून रेग्युलेटर,
फ्यूज उगाच,
आणि चारही डायोड,
कारण माझ्याकडे चार डायोड होते.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
आणि संन्यासी तरी किती,
बशीत सात जमले.
ओतिया एकेकाला उचलून उजेडात धरायचा.
"हा मेला होता?"
"नाही. बरा होता."
"मग काढला कशाला?"
मी चहा टाकला.

चहा उकळेपर्यंत आठवलं
जे मुलांना पंचवीस वर्षं सांगत आले.
ओझं न देता कुणालाही विचारा, कसा आहेस,
तो तेरा पॉइंट आठच म्हणणार.
ओतियाला विचारा. मुलगा पोलंडमध्ये, बायको गुडघ्यांनी बेजार,
तोही म्हणतो, झकास.

पुतण्याच्या मोडक्या लाडा गाडीचा
इंडिकेटरचा दिवा होता फळीवर.
तो चिमट्यांना लावला.
पेटला, पण मनात नसताना पाहुण्याला या म्हणावं तसा.
आत पट्टीवर, तेरा पॉइंट सहा.
बाहेर चिमट्यांवर, नऊ.
मधे फक्त तार.
तारेवर कोण संशय घेतं?

मीटरची दोन्ही टोकं मी एकाच लाल तारेवर ठेवली,
एक या अंगाला, एक त्या अंगाला.
इथे शून्य हवं. जवळजवळ शून्य.
साडेचार.
एकाच तारेच्या दोन टोकांमध्ये
साडेचार व्होल्ट हरवलेले,
आणि ते कुठे जात होते
हे मीटरनं नाही, डाव्या हाताच्या बोटांनी सांगितलं,
चिमट्याचं रबर चटका बसेल इतकं तापलं होतं.

रबर सोललं.
आत तांबं नव्हतंच म्हणा,
हिरवी भुकटी, आणि तिच्यात अडकलेले दोन-तीन केस.
बारा वर्षं बॅटरीचं आम्ल हळूहळू वर चढत आलेलं,
बाहेरून मात्र रबर नव्यासारखं लाल.

चार बोटं तार कापली,
लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे आले.
या वेळी घाई केली नाही.
डाग वितळून आरशासारखा पसरेपर्यंत धरला,
मग थंड होईपर्यंत श्वासही जपून घेतला.
दिवा असा पेटला
की ओतियानं टोपी डोळ्यांवर ओढली.

बॅटरी रात्रभर माझ्याकडे भरत राहिली.
तो पेट्यांपाशी ताटली बडवत जागला.
मी बशीतले सातही जण पुसून
एका काडेपेटीत ठेवले, वर लिहिलं: निर्दोष.
तारीखही घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.
आधी एक सणसणीत शिवी,
मग बराच वेळ नुसतं हसू,
आणि मागे कुठेतरी त्याची बायको विचारत होती,
"पुन्हा कशाला हात लावलास?"