मोज्याला जॉर्जियन येत नाही

एतेरी इटलीतल्या बारीहून परतली, अकरा वर्षांनी.
सोबत एक सूटकेस, दुखरे गुडघे
आणि कुणा म्हाताऱ्याचा हिरवा लोकरी मोजा,
ज्याचा जोडीदार धुण्यात हरवला होता.
मोज्याला तिनं दोन बटणं शिवली.
झाले डोळे.
नाव ठेवलं सिन्योर काल्झीनो.

त्किबुलीच्या बालवाडीत दर शनिवारी
तो तिच्या हातावर चढून येतो.
अट एकच :
त्याला जॉर्जियनमधलं ओ की ठो कळत नाही.
जॉर्जियनमधून हाक मारली की मान टाकतो,
घोरायलाच लागतो.
मग नऊ पोरं त्याच्या कानाशी :
चाओ! चाओ! अरे, चाओ म्हणतोय ना!

सतरंजीवर बाजार भरतो.
अक्रोड, गाजरं, एक खराखुरा कांदा.
कांद्याला म्हणायचं चिपोल्ला,
आणि तो शब्द इतका चविष्ट
की दुसरं काही कुणाला विकत घ्यायचंच नसतं.
तातिया कमरेवर हात ठेवून घासाघीस करते.
आकडे येतात फक्त पाचपर्यंत,
म्हणून कुठलीच वस्तू पाचाच्या वर जात नाही.
स्वस्ताई आहे.

जिनोक्क्यो म्हटलं की गुडघ्याला हात.
सगळे वाकतात.
एतेरी वाकत नाही.

आई म्हणजे माम्मा, असं मोजा म्हणाला
तेव्हा वर्ग हसून लोळला.
इथे मामा म्हणजे बाबा.
(आपला मामा इथे कुठल्याच नात्यात बसत नाही.)
उचाच्या दाढीवाल्या बापाला
पोरांनी लगेच फळ्यावर झगा घातला, खडूनं.
नुक्री हसला नाही.
तो कशालाच हसत नाही, बोलत तर नाहीच.

एतेरीपाशी आणखीही शब्द आहेत,
पहिल्या वर्षी, रात्रीचे, घाबरत शिकलेले :
गोळी. ताप. चादर ओली झालीय. पगार कधी.
आणि पियानो, पियानो,
म्हणजे सावकाश, सावकाश,
म्हाताऱ्याला जिना उतरवताना.
त्या शब्दांचा खेळ तिनं अजून केलेला नाही.

शेवटी चमचा लपवायचा.
दोव्हे? कुठे?
शोधणारा लांब गेला की ओरडायचं आक्वा, पाणी.
जवळ आला, फुओकीनो, इवलासा विस्तव.
सापडला की फुओको! सगळ्यांनी, छत उडेल असं.

त्या शनिवारी नुक्रीनं चमचा शोधलाच नाही.
मोज्यासमोर उभा राहिला
आणि आठ आठवड्यांनी तोंड उघडलं :
दोव्हे माम्मा?

दोन शब्द. दोन्ही बरोबर.

मोज्यातल्या बोटांना काही सुचेना.
पोरं मात्र तयारच होती.
त्यानं कपाट उघडलं. आक्वा!
टेबलाखाली वाकला. आक्वा!
दार ढकललं, पायऱ्या, बर्फ,
आक्वा, आक्वा,
मागोमाग एतेरी, अंगात कोट नाही, हातावर मोजा,
तिच्यामागे आठ पोरं आणि कुणाच्या तरी मुठीत कांदा.

कुताइसीच्या गाडीच्या थांब्यापाशी तो थांबला.
विमान कुताइसीहून उडतं, एवढं त्याला ठाऊक होतं.
वळून त्यानं मोज्याकडे पाहिलं.
पोरंही गप्प झाली.

मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा तिचा नियम.
मोज्यानं तसलं काही कबूल केलेलं नव्हतं.

फुओकीनो, मोजा म्हणाला.
इतक्या हळू, की उचानं विचारलं, काय म्हणाला, काय म्हणाला?

नुक्रीनं मान डोलावली.
नाक पुसलं, मोज्यालाच.

परतताना चढावर एतेरीचा पाय सरकला.
त्यानं तिचं कोपर धरलं.
पियानो, म्हणाला, पियानो.

हा शब्द तिनं शिकवला नव्हता.
फोन चालूच ठेवून त्याची आई
तिकडे कुणाला तरी जिना उतरवत असते.