बिनपगारी रजा

प्रोफेसर लेस्टन चिउंडा यांचा पहिला अर्ज
मीच टाइप केला, झोंबाच्या कॉलेजात,
तत्त्वज्ञान विभागाच्या त्या खोलीत जिथे
डोंगरावरचं धुकं खिडकीतून आत येतं
आणि कागद मऊ करतं.
'कारण' या शब्दापाशी ते बराच वेळ थांबले.
मग म्हणाले, लिहा, फालेस: निवडणूक.
एक वर्षासाठी.

एकाची तेरा झाली.
दर ऑक्टोबरात, जॅकरांडाची जांभळी फुलं
अंगणभर सडायला लागली की
लिलाँग्वेहून पाकीट यायचं.
आधी हाताने लिहिलेलं, खाली 'आपला'.
मग खासदाराच्या कागदावर.
मग मंत्र्याच्या, सोनेरी शिक्क्याचं,
सही दुसऱ्याच कुणाची, 'करिता' म्हणून.
मी लिहीत राहिले: बि. प. र.
नोंदवहीला काय,
ती सगळ्यांना एकाच रकान्यात बसवते.

वर्गात ते एक प्रश्न विचारून गप्प बसत,
फळ्याला टेकून, खडू कानामागे.
तास संपेपर्यंत कुणी बोललं नाही तरी चालायचं.
'विचार चालू आहे,' म्हणायचे.
रेडिओवर त्यांना तसं गप्प बसताना
मी कधी ऐकलं नाही.

सभांना आलेल्या बायकांना चितेंजे वाटली,
पक्षाच्या रंगाची, वर त्यांचा चेहरा छापलेला,
चष्म्यासकट.
माझ्या बहिणीने त्यात पोर बांधलं पाठीला.
पोर मोठं झालं, कापड विरलं.
त्यातला एक तुकडा मी ऑफिसात आणला,
त्यांचंच टेबल पुसायला.
राग नव्हता.
कापड चांगलं होतं, पाणी लगेच शोषायचं.

ते ऊर्जामंत्री होते त्या वर्षी
पेट्रोलच्या रांगा तीन-तीन दिवस चालल्या.
लोक गाडीतच झोपत.
एका बाईचं बाळंतपण रांगेतच झालं.
मग बाजारापाशी गोळीबार.
रेडिओवर प्रोफेसर म्हणाले,
परिस्थिती गुंतागुंतीची आहे.
मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

सरकार पडल्यावर ते परत आले. मिनीबसने.
हातात सुतळीने बांधलेला खोका.
किल्ली अजून लागते का, म्हणाले.
लागत होती.
खोक्यात शेवटच्या वर्गाचे पेपर, एकतीस,
तसेच, न तपासलेले.
'मुलं कधीच पास झाली, सर, सरासरी काढून.'
'माझं राहिलंय,' ते म्हणाले.

आठ दिवस बसले.
लाल पेन वाळून गेलं होतं, माझी पेन्सिल नेली.
मी चहा आणि मांदासी ठेवून यायची.
मधूनच हसू ऐकू यायचं.
त्या वर्षी प्रश्न एकच होता:
जो बोलू शकतो आणि बोलत नाही,
तो त्या वेळी काय करत असतो?

तीस पेपर माझ्याकडे आले, शेऱ्यांसकट.
'सिद्ध करा.' 'कोण म्हणतं?'
एकावर नुसतं 'हो'.
एकतिसावा टेबलावरच राहिला.

अनुसा मपोंडाचा.
अनुसा पुढे शाळामास्तर झाला, तळ्याकाठच्या गावात.
गोळीबाराच्या दिवशी तो मोर्चात नव्हता,
दोन लिटरचा कॅन घेऊन रांगेत उभा होता.
उत्तर दीड पानाचं. शेवटचं वाक्य अर्धं,
घंटा झाली असावी.
समासात काहीतरी लिहून खोडलेलं,
परत लिहून परत खोडलेलं,
कागद तिथे इतका झिजला होता
की पलीकडची अक्षरं उलटी दिसत होती.

मला गुणांची यादी भरायची होती.
विचारलं, याला किती?

ते उठले, खोलीतल्या छोट्या फळ्याला टेकले.
खडू नव्हता,
तरी हात कानामागे जाऊन आला.

मी तास संपायची वाट पाहिली.
पहारेकरी खिडक्या लावायला आला आणि
आम्हाला बघून तसाच माघारी गेला.
धुकं आत आलं.
अक्षर दिसेना तेव्हा मी उठून बटण दाबलं.

वीज नव्हती.